चष्म्यात न मावणारा नंबर

प्रस्तावना

डोळ्याला मार लागून, जखम चिघळून किंवा उपजत नाजूकपणामुळे ज्याचा कॉर्निया बिघडला आहे, त्याला चष्म्याच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकावे लागते: नंबर आहे, पण चष्म्याने याहून जास्त सुधारणार नाही. तक्त्यावरची तिसरी-चौथी ओळ कशीबशी लागते आणि पुढे काच कितीही फिरवली तरी अक्षरांच्या सावल्या हटत नाहीत. माणूस घरी येतो तो दोनपैकी एक समजूत करून घेऊन. एक तर आता काही होणार नाही, किंवा मग एकदाचे लेझर करून टाकू. या दोन्ही समजुतींनी डोळ्यांचे पुष्कळ नुकसान केले आहे. पुढची प्रकरणे अशा माणसांसाठी आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेणाऱ्या घरच्यांसाठी लिहिली आहेत.

निरोगी डोळ्याचा नंबर घालवणे हे एक काम आणि दुखावलेल्या कॉर्नियातून दृष्टी परत मिळवणे हे अगदी दुसरे काम. यंत्रे काही वेळा तीच असतात, टेबल तेच असते, भुलीचे थेंबही तेच. म्हणून दोन्ही एकच वाटतात. मीरा रोड स्टेशनवरून बेव्हर्ली पार्ककडे येताना इमारतींच्या तळमजल्यावर चष्म्याची दुकाने आणि डोळ्यांचे दवाखाने दिसतात. चष्म्यापासून सुटका मिळवण्याची भाषा आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. ती भाषा निरोगी डोळ्यासाठी आहे. कॉर्नियावर डाग, खड्डा किंवा फुगवटा असलेल्या माणसाने ती आपल्याला लागू करून घेतली की गफलत सुरू होते. त्याच्यासाठी 'किती नंबर जाईल?' याआधी तीन प्रश्न येतात. कॉर्नियाचा पृष्ठभाग निरोगी आहे का? त्याचा आकार अजून बदलतो आहे का? आणि कोणता उपचार आधी, कोणता नंतर? या तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या मते सारे यश त्यातच आहे.

थोडे मुळापासून पाहू. डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून पडद्यावर आणण्याची ताकद सुमारे 60 डायोप्टर. त्यातले साधारण 43 डायोप्टर एकट्या कॉर्नियाचे. बुबुळावरची ही पारदर्शक काच मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जाड असते, तिच्यात रक्तवाहिनी नसते, आणि तिची वक्रता जराशी बदलली तरी नजर बदलते. ही वक्रता उभ्या आणि आडव्या दिशेला सारखी नसली की सिलिंड्रिकल नंबर येतो. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1801 मध्ये स्वतःच्या डोळ्यातला सिलिंड्रिकल दोष मोजून नोंदवला. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने 1825 मध्ये स्वतःसाठी सिलिंड्रिकल काच घडवून घेतली. चष्म्याच्या कागदावर 'सिल' आणि 'ॲक्सिस' असे दोन रकाने आपण आजही भरून घेतो, ते त्याच विचारातून आलेले.

पण यंग आणि एअरी यांचा दोष नियमित होता. सर्वांत तीव्र आणि सर्वांत सपाट वक्रता एकमेकींना काटकोनात होत्या. असा दोष काचेत उतरवता येतो. जखमी कॉर्नियाचा दोष तसा नसतो. भाईंदरच्या कारखान्यातून निघालेली नवी स्टीलची वाटी उजेडात धरली तर ट्यूबलाइटची रेघ तिच्यावर सरळ दिसते; वाटी खाली पडून पोचा आला की तीच रेघ तिथे वाकडी होते, तुटते, कधी दोन होतात. पोर्तुगीज डॉक्टर अंतोनियु प्लासिदु यांनी 1880 च्या सुमारास नेमके हेच डोळ्यावर केले. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची चकती रुग्णासमोर धरायची आणि मधल्या छिद्रातून कॉर्नियावरचे तिचे प्रतिबिंब पाहायचे. वर्तुळे गोल किंवा लंबगोल दिसली तर चष्म्याला वाव आहे. ती नागमोडी, दबलेली, फाटलेली दिसली तर चष्म्याच्या काचेत तो आकार मावणार नाही. आज टोपोग्राफी म्हणून जो रंगीत नकाशा हाती पडतो त्याच्या पोटात बहुधा हीच वर्तुळे असतात. नवी यंत्रे कॉर्नियाची मागची बाजू आणि जागोजागची जाडीही मोजतात.

दाट पांढरा डाग वाईट आणि फिकट डाग बरा, असे घरच्यांना वाटते. बाहुलीच्या आड न येणारा, कडेचा दाट डाग दिसायला भयंकर असतो, पण नजर फारशी अडवत नाही. उलट बाहुलीच्या बरोबर समोरचा पुसट डाग प्रकाश विखरून टाकतो, आजूबाजूची वक्रता ओढून घेतो आणि माणसाला हैराण करतो. आरशात डोळा ठीक दिसतो, घरचे म्हणतात काही झालेले नाही, आणि याला मात्र स्टेशनच्या इंडिकेटरवर एका अक्षराची तीन दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या रिक्षाचा दिवा फुटून पसरतो. या तक्रारीला कुणी मनाचे खेळ म्हणू नये. वर्तुळांचे प्रतिबिंब पाहिले की ती खरी आहे हे कळते.

कॉर्निया बिघडतो कसा, याची उत्तरे आपल्या अवतीभवतीच आहेत. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टेनलेस स्टीलची भांडी बनतात. पॉलिश करताना, ग्राइंडरवर कड घासताना धातूचा बारीक कण उडून बुबुळावर बसतो. लोखंडी कण असेल तर काही तासांत त्याभोवती गंजाचे कडे धरते. शेजारच्या कामगाराने रुमालाच्या टोकाने तो काढायला जावे आणि जखम खोल व्हावी, हे आजही घडते. डोळ्यावर संरक्षक चष्मा असता तर यातले काहीच घडले नसते. मीरा-भाईंदरच्या हद्दीतल्या उत्तन, पाली, चौक या गावांत मासेमारी चालते. समुद्रावरच्या उन्हात आणि वाऱ्यात आयुष्य काढणाऱ्यांच्या डोळ्यांत वडस वाढण्याचे प्रमाण जास्त असते. वडस नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकतो आणि कॉर्नियाची आडवी दिशा सपाट करत जातो. त्यामुळे कित्येकांचा सिलिंड्रिकल नंबर वाढतो आणि ते वर्षानुवर्षे फक्त चष्मे बदलत राहतात.

गावाकडे कारणे आणखी वेगळी. उसाच्या पात्याची धार, भाताचे कुसळ, मळणीचा भुसा. अशा जखमेत बुरशी शिरली तर आठवड्याभरात डोळा जायची वेळ येते, आणि मेडिकलमधून विचारून आणलेला स्टिरॉइडचा थेंब त्या बुरशीला मोकळे रानच देतो. लालीवर थेंब मागण्याची आपली सवय या एका कारणासाठी तरी मोडली पाहिजे. मुलांच्या बाबतीत तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी फार घातक. खेळता खेळता ती दाबली जाते, फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली असल्याने आत आत झिरपत जातो. तिथल्या तिथे, दवाखान्यात पळण्याच्याही आधी, स्वच्छ पाण्याची धार निदान 15 ते 30 मिनिटे डोळ्यात सोडायची आणि पापण्यांखाली अडकलेले कण धुऊन काढायचे. डोळा वाचण्याची सर्वाधिक शक्यता त्या पाण्यात असते.

आणखी एका कारणात बाहेरून काही लागतच नाही. केराटोकोनसमध्ये कॉर्निया वयात येण्याच्या सुमारास पातळ होऊ लागतो आणि शंकूसारखा पुढे येतो. ॲलर्जीची खाज आणि डोळे चोळण्याची सवय यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. दर सहा महिन्यांनी मुलाचा सिलिंडर वाढत असेल तर नवी फ्रेम निवडण्याआधी टोपोग्राफी करून घ्यावी.

हा थोड्या लोकांचा प्रश्न नाही. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढे मोतीबिंदू हे पहिले कारण ठरले आणि कॉर्नियाची अपारदर्शकता दुसरे. पन्नाशीच्या आतल्या लोकांत मात्र कॉर्नियाच पहिला होता, 37.5 टक्के. म्हणजे शिकणाऱ्या आणि कमावत्या वयातली नजर प्रामुख्याने इथे जाते. लहान मुलाला तर थांबायलाही वेळ नसतो. सात-आठ वर्षांच्या आत डोळ्याला स्पष्ट चित्र मिळाले नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि पुढे कॉर्निया कितीही नितळ केला तरी नजर पुरती परत येत नाही.

आता उपचारांकडे. शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकाने आधी शस्त्रक्रिया टाळण्याबद्दल बोलावे हे काहींना विचित्र वाटेल, पण मला ते आवश्यक वाटते. कडक कॉन्टॅक्ट लेन्स किंवा तिच्याहून मोठी स्क्लेरल लेन्स बिघडलेल्या कॉर्नियावर ठेवली की दोघांमधली जागा अश्रूंनी भरते. खाचखळगे त्या द्रवाखाली झाकले जातात आणि प्रकाशाला पुढचा पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. कित्येक डोळ्यांत ही एक लेन्स सगळ्या शस्त्रक्रियांपेक्षा चांगली नजर देते. ती सोसली नाही किंवा बसली नाही, तरी तिची चाचणी वाया जात नाही. कडक लेन्स घालून चार ओळी जास्त वाचता आल्या तर दोष आकारात आहे. फरक पडला नाही तर दोष पारदर्शकतेत किंवा डोळ्याच्या आत. बारीक छिद्रातून पाहण्याची जुनी चाचणीही हेच सांगायला मदत करते. ही चाचणी न करता ज्याला शस्त्रक्रियेची तारीख दिली गेली आहे, त्याने ती पुढे ढकलून आधी चाचणी मागावी.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर क्रम असा: आधी पृष्ठभाग, मग स्थैर्य, मग आकार, आणि सर्वांत शेवटी उरलेला नंबर.

पृष्ठभागाच्या कामात वडस काढणे आले. त्या जागी त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण लावतात, त्यामुळे वडस पुन्हा येण्याची शक्यता बरीच घटते. त्यानंतर वक्रता स्थिरावायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. मोतीबिंदूही असेल तर लेन्सचे मोजमाप या थांबण्यानंतरच करावे. दोन्ही एकदम उरकण्याच्या घाईत चुकीची लेन्स बसते. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात पुष्कळदा बुबुळाच्या कडेच्या मूळपेशीच जळालेल्या असतात. त्या नसतील तर कितीही चांगला कॉर्निया बसवला तरी तो टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. विरेंदर संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सोपी पद्धत काढली आणि 2012 मध्ये ती जगापुढे मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर अम्नियॉटिक म्हणजे गर्भाभोवतीच्या पडद्याच्या आधाराने पसरायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा मोठा खर्च त्याने टळला. ही पद्धत आता परदेशातही वापरली जाते, आणि तिचा अभिमान आपल्याला असायला हवा.

स्थैर्य म्हणजे आकाराची वाढ थांबवणे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये वॉलेन्साक, स्पोर्ल आणि झायलर यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कॉर्नियावर अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब टाकतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. त्यामुळे कॉर्नियातल्या कोलॅजनचे धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात. मूळ पद्धतीसाठी कॉर्निया निदान 400 मायक्रॉन जाड लागतो, म्हणूनच लवकर जाणे महत्त्वाचे. क्रॉसलिंकिंग नावाचा हा उपचार नंबर घालवण्यासाठी नाही. 'क्रॉसलिंकिंग केले तरी चष्मा गेला नाही' ही तक्रार त्यामुळेच अप्रस्तुत आहे. वाढ थांबली हेच त्याचे यश.

मग आकार. कॉर्नियाच्या जाडीत अर्धवर्तुळाकार प्लास्टिकचे तुकडे सरकवून फुगवटा सपाट करता येतो. चेन्नईच्या डॉ. सुसान जेकब यांनी प्लास्टिकऐवजी नेत्रदानातून आलेल्या कॉर्नियाचेच तुकडे वापरण्याची पद्धत 2018 मध्ये मांडली. वरवरचा डाग असेल तर एक्सायमर लेझरने तो तासता येतो. या लेझरची ऊतींवरची किमया मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगास्वामी श्रीनिवासन यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत 1981 मध्ये जेवणातून उरलेल्या टर्कीच्या कूर्चेवर पाहिली. उष्णतेने न जळता ऊतीचा अतिसूक्ष्म थर निघून गेला होता. टोपोग्राफीच्या नकाशाप्रमाणे जिथे उंच तिथे जास्त आणि जिथे खोल तिथे कमी तासणे आज शक्य आहे. पण लेझर कॉर्निया पातळ करतो, त्यात भर घालत नाही. आधीच पातळ आणि शंकूसारख्या झालेल्या कॉर्नियावर नेहमीचे लॅसिक करणे म्हणजे आजार वाढवणे. या बाबतीत सौम्य शब्द वापरण्याचे मला काही कारण दिसत नाही.

उरलेला नंबर मोतीबिंदूच्या वेळी टोरिक लेन्सने काढता येतो, मात्र दोष मध्यभागी नियमित आणि स्थिर असेल तरच. ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसली पाहिजे. एक अंश सरकली तर तिचा सुमारे 3.3 टक्के परिणाम जातो, आणि 30 अंश फिरली तर सिलिंडर कमी होतच नाही. शिवाय पुढे ज्याला कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालावी लागणार आहे किंवा कॉर्निया बदलावा लागण्याची शक्यता आहे, त्याच्या डोळ्यात टोरिक लेन्स अडचण होऊन बसते. कॉर्नियाचा दोष गेला तरी आतल्या लेन्सचा सिलिंडर तसाच राहतो. हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा. ज्यांचा दोष कशातच मावत नाही अशांसाठी चेन्नईचेच डॉ. अमर अगरवाल आणि सहकाऱ्यांनी बाहुलीलाच टाके घालून ती टाचणीच्या छिद्राएवढी करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. कडेचे विस्कटलेले किरण आत येतच नाहीत आणि चित्र स्पष्ट होते. त्या बदल्यात उजेड कमी मिळतो आणि पडदा तपासणे कठीण होते.

सर्वांत मोठे प्रकरण कॉर्निया बदलण्याचे आहे, आणि ते हेतुपुरस्सर शेवटी ठेवले आहे. 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमोउत्स इथे, आजच्या चेक प्रजासत्ताकात, डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी अलोइस ग्लोगार या मजुरावर माणसाच्या कॉर्नियाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. ग्लोगारचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. डोळा काढावा लागलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा कॉर्निया त्याला मिळाला आणि तो पुन्हा कामावर गेला. भारतात 1945 मध्ये मद्रासला पहिली नेत्रपेढी उभी राहिली. आता संपूर्ण कॉर्निया न बदलता फक्त बिघडलेला थर बदलण्याकडे कल आहे. डाग पुढच्या थरात असेल तर रुग्णाचा स्वतःचा आतला थर राखतात, त्यामुळे शरीराने रोपण नाकारण्याचा मोठा धोका टळतो.

रुग्णांना बहुधा कुणी आधी सांगत नाही ते हे: कॉर्निया बदलला म्हणजे सिलिंडर गेला असे नव्हे. पुष्कळदा तो नव्याने येतो. नवी चकती केसाहूनही बारीक नायलॉनच्या टाक्यांनी, बहुधा सोळा टाक्यांनी, शिवलेली असते. एखादा टाका घट्ट, एखादा सैल, जखम एका बाजूने लवकर भरलेली, चकती जरा तिरकी बसलेली, यांतून चार-पाच डायोप्टरचा दोष सहज निर्माण होतो. काचेसारखा नितळ कॉर्निया आणि तरी अंधुक नजर! अशा वेळी रुग्ण खचतो. त्याने खचू नये, कारण खरे काम इथून सुरू होते. काही महिन्यांनी टोपोग्राफी पाहून जिथे ताण जास्त तिथले टाके निवडून काढतात. सगळे टाके निघायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. शेवटचा टाका निघाल्यावरही आकार काही काळ हलतो. तोवर पक्का नंबर काढण्यात किंवा महागडा चष्मा घेण्यात अर्थ नाही. मग कडक लेन्स. ती नको असेल तर ताठ दिशेला कमानीसारखे छेद, लेझर किंवा टोरिक लेन्स. आणि आयुष्यभर एक सावधगिरी: लाली, उजेड न सोसणे, दुखणे किंवा नजर उतरणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. त्या डोळ्यावर बसलेला जोराचा फटका कित्येक वर्षांनीही शिवण उसवू शकतो.

या सगळ्याला कॉर्निया लागतो आणि तो आज बहुधा दुसऱ्या माणसाच्या मृत्यूनंतरच मिळतो. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. मोतीबिंदू झालेला, चष्मा लावणारा, मधुमेही माणूसही डोळे देऊ शकतो. दर वर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर या पंधरवड्यात फॉर्म भरले जातात, पण मृत्यूनंतर नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो. त्यामुळे फॉर्मपेक्षा घरात आधी झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. पंखा बंद करायचा, मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोके थोडे उंच ठेवायचे, इतकी तयारी पुरते.

वाचकाला एक विनंती. पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी जुने कागद शोधून ठेवा. टोपोग्राफीचा प्रत्येक नकाशा तारखेसह जपा. जुने चष्म्याचे नंबर, टाके कधी निघाले त्याची नोंद, कोणते थेंब किती दिवस घातले ती चिठ्ठी, सगळे एका फाइलमध्ये लावा. तुलना करायला मागचा नकाशा नसेल तर आकार वाढतो आहे की थांबला आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना आणखी काही महिने थांबावे लागते, आणि पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंतचा प्रत्येक निर्णय त्या एका उत्तरावर अडलेला असतो.

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व)